कावून म्हणजे काय

पुण्यात डिप्लोमाला होतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी वर्गात उभा राहून विचारलं, "सर, हे असं कावून होतं?" आणि साठ पोरं खो खो हसली. पुढची तीन वर्षं मला कुणी बसवेश्वर म्हटलं नाही. कॅन्टीनपासून हॉस्टेलपर्यंत माझं नाव 'कावून'. त्या तीन वर्षांत इलेक्ट्रॉनिक्स किती शिकलो ते देवाला ठाऊक, पण तो शब्द मात्र जिभेवरून खरवडून काढला. इतका की केजला नोकरीला लागल्यावर मीच पोरांना टोकायला लागलो. "कावून नाही, का! का म्हणायला जीभ झिजते तुझी?"

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी जे केलं त्याचं कारण शोधत बसलो तेव्हा हेच हाताला लागलं. कारण म्हणून ते चालण्यासारखं नाही. पण खरं आहे.

मी एका कॉलेजात संगणकाची लॅब सांभाळतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, आधीच माझ्यामुळे त्याची शोभा झाली आहे. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीनं आम्हाला चोवीस जुनी मशीन दान दिली. देताना प्रत्येकातली हार्ड डिस्क काढून घेतली, त्यांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून. हार घालून झाले, फोटो काढून झाले, आणि मग आमच्या लक्षात आलं की आपल्याला इंजिन नसलेल्या चोवीस मोटारसायकली मिळाल्या आहेत. सहा महिने ती मशीन धूळ खात पडली. त्यांच्यावर टाकलेली चादर तेवढी मी बदलायचो.

संस्कृती तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. नांदूरघाटहून रोज एसटीनं यायची. बोलणं कमी, पण एखादी गोष्ट डोक्यात घुसली की सोडायची नाही. एक दिवस चादर उचलून मशीनकडे बघत म्हणाली, "सर, एका मशीनला डिस्क लावू. बाकीचे तेवीस नेटवर्कच्या वायरीनं त्याच्याकडून सिस्टीम मागून घेतील. तसं न्हाई का जमायचं?"

"जमतं," मी म्हणालो, "पण या खटाऱ्यांना ते येत नाही."

येत नव्हतं ते असं. मशीन चालू केलं की सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो आणि तो बाकीच्या सिस्टीमला उठवतो. त्याला बूट लोडर म्हणतात. आम्ही जो वापरायचो तो मुक्त होता, म्हणजे त्याचा सगळा कोड जगासमोर उघडा, कुणीही सुधारावा आणि मूळ प्रकल्पाला पाठवावा. पेनड्राइव्हवरून तो छान चालायचा. पण वायरीतून हाक मारून सिस्टीम मागवणं त्याला ठाऊकच नव्हतं. ते त्याला शिकवायचं, असं संस्कृतीनं ठरवलं.

तिला सात महिने लागले. मी काय केलं? लॅबची किल्ली दिली. अडलं की "बघ, विचार कर" म्हणायचो, कारण मलाही येत नव्हतं. आज हे लिहिताना कान गरम होतात, पण तेव्हा मला वाटायचं, मी मार्गदर्शन करतोय.

तिची सगळ्यात मोठी अडचण अशी की मशीन मध्येच थांबायचं आणि पडदा काळाच्या काळा. कुठं अडलं, काही कळायचं नाही. ती पडद्यासमोर बसून पुटपुटायची, "कावून? आता कावून?" मी दोनदा टोकलं, मग नाद सोडला. शेवटी तिनं प्रोग्राममध्येच एक भाग लिहिला. मशीन अडलं की का अडलं, ते तो भाग पडद्यावर सांगायचा. नेटवर्कवर पत्ता मिळाला नाही, फाइल सापडली नाही, समोरून उत्तर यायला वेळ लागला. त्या भागाला तिनं नाव दिलं kavun. पडद्यावर यायचं, 'kavun:' आणि पुढं कारण. तो भाग लिहिल्यावर तीन आठवड्यांत पहिलं मशीन उठलं. दिवाळीच्या सुट्टीआधी चोवीसच्या चोवीस उठली. ती टाळ्या वाजवत लॅबभर फिरली आणि मग एकदम लाजून बसली.

काम मूळ प्रकल्पाला पाठवायचं ठरलं. तिथली रीत अशी की प्रत्येक दुरुस्तीच्या खाली पाठवणाऱ्यानं आपल्या नावाची एक ओळ लिहायची. हे काम माझं आहे किंवा द्यायचा हक्क मला आहे, अशी ती सही. लॅबच्या मशीनवर माझं नाव आधीपासून भरलेलं होतं, त्यामुळे ते आपोआप आलं.

संस्कृतीनं ते बघितलं. "सर, खाली नाव कुणाचं टाकायचं?"

"राहू दे माझंच," मी म्हणालो. "ते लोक शंभर प्रश्न विचारतील, तुला इंग्रजीत उत्तरं द्यावी लागतील. मी बघतो ते."

"बरं सर," ती म्हणाली.

एवढंच झालं. मी काही कट केला नव्हता. बटण दाबलं आणि चहाला गेलो. चोरी करताना माणसाला इतकं साधं वाटत असेल, हे मला माहीत नव्हतं.

प्रकल्पाचा मुख्य माणूस योनास. त्यानं काम बारकाईनं तपासलं, चार ठिकाणी सुधारणा सुचवल्या, त्या संस्कृतीनं केल्या आणि मी पाठवल्या. शेवटी त्यानं लिहिलं, सगळ्यात जास्त आवडला तो अडचणीचं कारण सांगणारा भाग. पण kavun म्हणजे काय? कशाचं संक्षिप्त रूप आहे?

मी लॅबमध्ये एकटाच होतो. बोटं कीबोर्डवर आणि कानात साठ पोरांचं हसणं. कुठल्या देशातला तो योनास, त्याला बीडचं काय घेणंदेणं? पण मला वाटलं, खरं सांगितलं की तोही हसेल. मी लिहिलं: कर्नेल अ‍ॅड्रेस व्हेरिफिकेशन अंडर नेटवर्क. पाच अक्षरांना पाच शब्द जुळवायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. त्या सात महिन्यांत मी स्वतःच्या डोक्यानं केलेलं एकमेव काम ते.

योनासनं विश्वास ठेवला. कावून न ठेवणार? प्रकल्पाच्या माहितीपुस्तिकेत ते जसंच्या तसं छापलं गेलं, खाली माझं नाव.

संस्कृतीनं ते वाचलं. "सर, हे कर्नेल अ‍ॅड्रेस काय हाय?"

"त्यांना समजावं म्हणून लिहिलं."

"पन ते तर नुस्तं कावून हाय."

"तुला नाही कळायचं," मी म्हणालो. कळत तिला सगळं होतं.

मग बातमी फुटली. प्राचार्यांनी कॉलेजच्या ग्रुपवर टाकली, ग्रुपवरून ती विजयसिंह दादांकडे गेली. दादा आमच्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांना नेटवर्क, बूट आणि परदेश हे तीन शब्द पुरेसे होते. गेटवर फ्लेक्स लागला: 'आंतरराष्ट्रीय बूट संशोधक, भूमिपुत्र बसवेश्वर शेटे सर यांचे हार्दिक अभिनंदन'. आमच्या ऑफिसातला क्लार्क नाथा, माझा शाळेतला मित्र, फ्लेक्सखाली उभा राहून ओरडला, "काय बे, मला नऊ नंबरचा जोड काढून ठेव!" सगळे हसले, मीही हसलो. गुरुवारी बीडला मंगल कार्यालयात सत्कार ठरला.

त्याच आठवड्यातल्या सोमवारी सकाळी योनासचं पत्र आलं.

त्याच्या ओळखीची एक संस्था नव्या मुलामुलींना सहा महिने घरबसल्या काम शिकवते, तेही मोठ्या लोकांच्या हाताखाली. संस्कृतीनं तिथं अर्ज केला होता आणि अर्जात आपलं काम म्हणून हीच दुरुस्ती दाखवली होती. योनासनं लिहिलं होतं, 'ही मुलगी म्हणते की काम तिचं आहे. आमच्या नोंदीत नाव तुमचं आहे. खरं काय ते शुक्रवारी इथल्या दुपारी बारापर्यंत कळवा, त्या वेळी यादी लागेल. उत्तर आलं नाही तर नोंदीतलं नाव खरं धरून तिचा अर्ज बाद करावा लागेल.'

तिकडचे बारा म्हणजे आपले साडेचार. मी हिशोब लगेच केला. वेळ भरपूर होता.

दुपारी संस्कृती आली. "सर, मी तो अर्ज भरलाय. ते लोक तुमाला विचारतील. आलं का पत्र?"

"अजून नाही," मी म्हणालो.

"आलं की सांगा हं सर. शुक्रवार शेवटचा हाय."

"हो गं, सांगतो की."

पत्र तेव्हा माझ्या खिशातल्या फोनमध्ये होतं. उत्तर लिहायला दोन मिनिटं लागली असती. पण सोमवारी लिहिलं असतं तर मंगळवारी पुस्तिकेतलं नाव बदललं असतं आणि गुरुवारी दादांसमोर मी कोण म्हणून उभा राहिलो असतो? लॅबची चादर बदलणारा? मी मनाशी ठरवलं, शुक्रवारी सकाळी लिहू. सत्कारही होईल, पोरीचं कामही होईल. असा हुशार मी.

गुरुवारी शाल, श्रीफळ, फेटा. प्राचार्यांनी पुस्तिकेचं ते पान मोठं करून रंगीत छापून फ्रेम करून आणलं होतं. वर ठळक अक्षरांत KAVUN, खाली माझं नाव. दादा बोलले, "आपल्या मातीतल्या माणसानं साता समुद्रापार बूट पोचवले!" टाळ्या झाल्या. तिसऱ्या रांगेत संस्कृती बसली होती आणि शेजारी तिचे वडील रामकिसन. कार्यक्रम संपल्यावर ते पुढं आले. हातात पिशवीभर हुरडा होता.

"सर, घरच्या रानातला हाय," ते म्हणाले. "तुमी होते म्हून पोरगी शिकली. ती सांगती, सरांनी किल्लीच दिली लॅबची. इतका इस्वास कोन टाकतंय?" आणि त्यांनी वाकून माझ्या पायाला हात लावला. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा माणूस. मी मागं सरकलो ते नम्रतेनं, असं लोकांना वाटलं. संस्कृती माझ्याकडे बघत होती, पत्र आलं का, एवढंच तिच्या डोळ्यांत. मी मान हलवली. नाही.

तेव्हा सांगायला हवं होतं. माईक चालू होता, लोक होते, तिचा बाप होता. मी हुरड्याची पिशवी घेतली आणि "कशाला उगीच" म्हणालो.

शुक्रवारी सकाळी गावाकडून फोन आला. धर्मापुरीच्या लोकांनीही सत्कार ठेवला होता, दुपारी, देवळाच्या पटांगणात. गाव माझं, वडील तिथंच राहतात, नाही कसं म्हणणार? जाताना गाडीत लिहू, म्हटलं. गाडीत चौघं होते, ते बुटांबद्दल विचारत राहिले. पोचल्यावर लिहू, म्हटलं. पोचल्यावर हार. मग भाषणं. मी फोन दोनदा काढला आणि दोनदा परत ठेवला. गर्दी होती हे खरं, पण गर्दीत मी फोटो पाहायला फोन काढलाच होता.

सगळं उरकेपर्यंत पाच वाजत आले. फ्रेम घेऊन घरी आलो. माझे वडील अण्णाराव ओसरीत खाटेवर बसले होते. त्यांचं किराणा दुकान होतं, आता गुडघ्यांनी बंद पडलं. इंग्रजी त्यांना येत नाही, पण बिस्किटांच्या पुड्यांवरून अक्षरं येतात. त्यांनी ती फ्रेम मांडीवर घेतली, चष्मा पुसला आणि एकेक अक्षरावर बोट ठेवत वाचायला लागले.

"के... ए... व्ही..." मग थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आणि एकदम मोठ्यानं हसले. "आरं, हे तर कावून हाय! आपलं कावून!"

मी गळ्यातला हार काढून खुंटीला अडकवला.

"परदेशातल्या मशीनमंदी आपला सबुद!" ते म्हणाले. "मशीन इचारतंय व्हय, कावून? लई भारी केलंस की बसू. पुन्यात पोरं हसली म्हून रडत आलतास तू, याद हाय मला. आन आता बग!" त्यांनी फ्रेमवरून हात फिरवला. जगात एवढ्या लोकांनी ते पान बघितलं होतं, योनासनं, प्राचार्यांनी, दादांनी. खरं वाचलं ते अण्णांनी.

"अण्णा, तो शब्द मी नाही लिहिला," मी म्हणालो.

"मंग कोन?"

"एक पोरगी आहे. नांदूरघाटची. हे सगळं तिनंच केलं."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग फ्रेमखालच्या नावाकडे बघितलं. तिथं बोट ठेवलं आणि हळूच काढून घेतलं. "मंग हितं तुजं नाव कावून?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही. फ्रेम मांडीवरून उचलून खाटेवर पालथी ठेवली.

मी देवळाच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो आणि फोनवर लिहिलं. काम पहिल्या अक्षरापासून संस्कृतीचं आहे, नाव मी लावलं, संक्षिप्त रूप मी रचलं, खोटं आहे. kavun म्हणजे का. आमच्या बाजूची माणसं असं विचारतात. पाठवलं तेव्हा सव्वापाच वाजले होते.

योनासचं उत्तर शनिवारी आलं. सभ्य माणूस, एकही वाईट शब्द नाही. नोंद दुरुस्त केली, लेखक म्हणून संस्कृतीचं नाव लावलं, पुस्तिकेतला अर्थ बदलला. माझी सही यापुढं तो प्रकल्प स्वीकारणार नाही. यादी मात्र शुक्रवारी ठरल्या वेळी लागली. संस्कृतीच्या अर्जावर 'कामाचा दावा सिद्ध झाला नाही' असा शेरा पडला होता. शेरा निघेल, पण जागा भरल्या. पुढची फेरी ऑगस्टमध्ये.

सोमवारी आधी प्राचार्यांकडे गेलो. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आता कशाला उकरता शेटे? पेपरात फोटो आलाय." मी बाहेर येऊन गेटवरचा फ्लेक्स स्वतः उतरवला. नाथा बघत होता.

मग लॅबमध्ये गेलो. संस्कृती आलेलीच होती, मशीन चालू करत होती. तिला कळलं होतं. अर्जावरचा शेरा तिला शुक्रवारीच मिळाला होता. शनिवार-रविवार तिनं त्या शेऱ्यासोबत घरी काढले, आणि बापाला काय सांगितलं, ते विचारायची माझी हिंमत नव्हती.

मी तिच्यासमोर खुर्ची ओढली, माझं मेल उघडलं आणि म्हणालो, "वाच. सगळं वाच."

तिनं सावकाश वाचलं. माझं पत्र, योनासचं उत्तर. आपलं नाव लेखक म्हणून लागलेलं बघून ती क्षणभर थांबली. मग पडद्यावर वर सरकत योनासच्या मूळ पत्रापर्यंत गेली आणि तारीख बघितली.

"हे सोमवारी आलतं?"

"हो."

"मी विचारलं तवा आलतं?"

"हो. सकाळीच आलं होतं."

"गुरुवारी बाबा तुमच्या पाया पडले तवा?"

"तेव्हाही."

ती पडद्याकडेच बघत होती. या वेळी सर म्हणाली नाही. "कावून?"

तिच्या प्रोग्राममध्ये तीन कारणं होती. पत्ता मिळाला नाही, फाइल सापडली नाही, उत्तर यायला वेळ लागला. माझ्याकडे त्यातलं एकही नव्हतं.

"गुरुवारी माझा सत्कार होता," मी म्हणालो. "त्याच्या आधी नाव जायला नको होतं मला."

तिनं मान डोलावली. पोरं लॅबमध्ये यायला लागली होती, एकेक मशीन उठत होतं.

"बरं सर," ती म्हणाली.

मग बॅगेची चेन उघडून लॅबची किल्ली काढली, कीबोर्डशेजारी ठेवली आणि एसटी स्टँडकडे निघून गेली. सात महिन्यांत मी तिला दिलेली ती एकच गोष्ट होती.